कोर्टाला चालतं, ते घराला का नको?

जमिनीच्या वाटणीचा दावा चालू असलेला धाराशिव जिल्ह्यातला शेतकरी हल्ली कोर्टाची पुढची तारीख मोबाइलवर पाहतो. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की खटला कुठवर आला ते समजतं. ही माहिती ज्या ‘केस इन्फर्मेशन सिस्टीम’मध्ये भरली जाते, ती राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) पुणे केंद्रात तयार झाली आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर उभी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने कोर्टांसाठी उबुंटू लिनक्स ही संचालन प्रणाली स्वीकारली, न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांना तिचं प्रशिक्षण दिलं. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांचं काम ज्यावर चालतं, ते आपल्या घरात, दुकानात, शाळेत चालवायला कचरण्याचं कारण नाही.

मुक्तस्रोत म्हणजे ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली सगळ्यांसाठी खुली असते. ते वापरावं, तपासावं, बदलावं आणि दुसऱ्याला द्यावं, याची परवानगी परवान्यातच असते. आपल्याकडे सोयाबीनचं घरचं बियाणं राखतात; त्यातलं पेरता येतं, पुढच्या हंगामाला ठेवता येतं आणि शेजाऱ्यालाही देता येतं. मुक्तस्रोताचं तसंच आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये या चळवळीचा पाया घातला. 1991 मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्सने लिनक्सचा गाभा लिहिला. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो.

हा विषय आजच काढण्याचं कारण आहे. विंडोज 10 चा नियमित तांत्रिक आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी संगणक अडगळीत जाण्याच्या वाटेवर आहेत. दुसरीकडे, फॉरमॅट मारताना दुकानातून टाकून घेतलेली विनापरवाना विंडोज आणि ऑफिस गावोगाव दिसतात. अशा प्रतींसोबत व्हायरस येण्याचा धोका असतो. शिवाय मुक्तस्रोत सॉफ्टवेअर हक्काने फुकट मिळत असताना चोरीचा माल का वापरायचा?

मराठीसाठी तर हा मार्ग अधिकच मोलाचा आहे. 2023 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. जुने मजकूर युनिकोडमध्ये असतील, तर ‘शोधा आणि बदला’ वापरून नाव क्षणात बदलता येतं. पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. युनिकोडमध्ये ‘उस्मानाबाद’ शोधलं तर त्यात सापडतच नाही. लिनक्समध्ये युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डची सोय असते. मुंबईच्या एक टाइपने घडवलेला ‘मुक्ता’सारखा देखणा फॉन्टही मुक्त परवान्याने मिळतो.

बदल एका दिवसात करू नका. आधी विंडोजवरच फायरफॉक्स, व्हीएलसी आणि लिब्रेऑफिस बसवा. लिब्रेऑफिसमध्ये वर्ड आणि एक्सेलच्या फाइली उघडतात. मांडणी कधी थोडी सरकते, म्हणून पाठवायची प्रत पीडीएफ करा. महिनाभरात हात बसला की लिनक्सची ‘मिंट’ ही आवृत्ती पेन ड्राइव्हवर घ्या. संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करता येतो. हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का ते पाहता येतं. पटलं तरच कायम बसवा, आणि त्याआधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे साठवून ठेवा. मिंटला किमान 2 जीबी रॅम लागते, 4 जीबी असेल तर काम सुखाचं होतं.

काहींनी मात्र थांबून विचार करावा. टॅली आणि कोरलड्रॉ थेट लिनक्सवर चालत नाहीत. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी बोटांच्या ठशाचं यंत्र आणि डिजिटल सहीची किल्ली लिनक्सवर चालते का, हे आधी तपासावं. अशा ठिकाणी एक संगणक विंडोजवर ठेवून बाकीचे बदलता येतात.

पत्र लिहिणं, निकालपत्रक करणं, अर्ज भरणं, व्हिडिओ पाहणं एवढंच ज्यांचं काम आहे, त्यांना अशी अडचण सहसा येत नाही. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं दीड दशकाहून अधिक काळ मुक्तस्रोतावरच संगणक शिकत आहेत. केंद्र सरकारनेही 2015 मध्ये मुक्तस्रोताला प्राधान्य देणारं धोरण जाहीर केलं. उमरग्यापासून परंड्यापर्यंतच्या शाळा, ग्रंथालयं आणि ग्रामपंचायतींनी निदान एका संगणकावर सुरुवात करावी. घरातला जुना संगणक भंगारात घालण्याआधी तो एकदा लिनक्सवर चालवून पाहा, आणि जमलं की शेजाऱ्यालाही बसवून द्या; तसं करण्याचा हक्क तुम्हाला परवान्यानेच दिला आहे.