बसवाल्या आजोबांचे टोचन

आमच्या लेकीच्या घराशेजारी एक बस राहते. 'उभी असते' असे न म्हणता 'राहते' म्हणतो, ते मुद्दाम. तिच्या खिडक्यांना पडदे आहेत, आत ओटा आहे, न्हाणीघर आहे आणि दोन माणसांना ऐसपैस निजता येईल असा पलंगही आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मी आणि सौ. अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळ लेकीकडे तीन महिने राहिलो, तेव्हा या बसची आणि तिच्या मालकाची ओळख झाली. मालक ७४ वर्षांचे. आमची आठ वर्षांची नात त्यांना 'बसवाले आजोबा' म्हणे. मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

बस १९५५ सालची, म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. जनरल मोटर्सचे हे पीडी-४१०४ मॉडेल १९५३ ते १९६० या काळात निघे. नावातला ४१ हा आकडा उतारूंच्या बैठकांचा. लांबी ३५ फूट, बाजूंना ॲल्युमिनियमचा पन्हळी पत्रा आणि पाठीमागे आडवे बसवलेले सहा सिलिंडरांचे डिझेल एंजिन. एके काळी या गाड्या लांबलांबच्या शहरांना उतारू पोचवीत. पुढे कंपन्यांनी त्या विकायला काढल्या, तेव्हा हौशी लोकांनी स्वस्तात घेऊन आत संसार थाटले.

आजोबा-आजींना ऑगस्टमध्ये डोंगर ओलांडून यूटा राज्यात लेकाकडे जायचे होते. पण दूध आणायला ३५ फुटी बस कोण काढणार? म्हणून तिकडचे लोक बसच्या मागे छोटी मोटार जोडून नेतात. मुक्कामाला पोचले की मोटार सोडवायची आणि बाजारहाट करायचा. जोडायच्या त्या सांगाड्याला तिकडे 'हिच' म्हणतात. इतक्या जुन्या बसला बेतशीर बसेल अशी तयार हिच दुकानात मिळेना, म्हणून आजोबांनी ती घरीच केली होती.

"आजोबांची हिच बघून येतो," असे मी म्हणालो, तर सौ. म्हणते, "अहो, कोण ही? त्यांची ही तर आत्ताच बाजारात गेली!"

तिला समजावले, की आपल्याकडे बंद पडलेला ट्रक ओढून न्यायला जे टोचन लावतात, त्याचाच हा शिकलेला भाऊ.

मी रेल्वेच्या वर्कशॉपात ३९ वर्षे काढली. फिटर म्हणून लागलो आणि २०११ साली चार्जमन म्हणून बाहेर पडलो. तेव्हा जोडकाम पाहण्यात मला सिनेमा पाहण्याइतका रस. आजोबांनी चौकोनी पोलादी नळी कापून सांगाडा केला होता. वेल्डिंग तर असे सुबक, की सौ.च्या करंजीची मुरड आठवावी! वर काळा चकचकीत रंग. आजोबा माझ्या तोंडाकडे पाहत उभे होते.

मी खाली वाकून पाहिले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. सगळा सांगाडा मागच्या बंपरच्या पट्ट्यांना धरला होता.

याचे कारण सांगायला हवे. ट्रकच्या खाली पुढून मागपर्यंत दोन जाड पोलादी तुळया असतात. तिला आपण चासी म्हणतो. मागे काहीही जोडा, ओढ त्या तुळयांवर येते. या बसला तशी चासीच नाही. छप्पर, बाजू आणि तळ असे सगळे अंग मिळून भार उचलते, जसा झाकण लावलेला पत्र्याचा डबा. अशा डब्यावर माणूस उभा राहिला तरी डबा चेपत नाही. पण त्याच्या एका कडेला पकड लावून ओढा, तेवढाच पत्रा हातात येईल! बंपर असतो तो बाहेरून बसणारे धक्के सोसायला, मोटार ओढायला नव्हे.

"छान आहे," एवढेच बोलून मी घरी आलो.

रात्री झोप येईना. सौ.ला सांगितले, तर ती म्हणाली, "अहो, पाहुण्याने पाहुण्यासारखे राहावे. त्यांनी इतक्या हौसेने केलेय."

तेव्हा मी तिला एक जुनी गोष्ट सांगितली. लग्नाला इतकी वर्षे झाली तरी ती मी कधी सांगितली नव्हती. १९७९ साली वर्कशॉपात भार उचलायच्या एका कडीचा जोड तपासायचे काम माझ्याकडे होते. जोड दिसायला देखणा होता. करणारा माणूस वयाने मोठा होता, त्याला कसे बोलायचे, म्हणून मी हातोडीची एक टिचकी मारली आणि पास करून टाकला. तिसऱ्या दिवशी कडी सुटली. खाली उभ्या असलेल्या मदतनिसाच्या पायाची तीन बोटे गेली. बिचारा पुढे मला भेटला की तोच ओशाळून लंगडणे लपवी.

सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उद्या उठल्या उठल्या त्यांच्याकडे जा. चहा मागाहून घ्या."

आजोबांना बोललेले लागले. पण माणूस विचारी. त्यांनी कागद-पेन्सिल आणली आणि आम्ही हिशेब मांडला. मोटार १३०० किलोची. त्यांच्या वाटेत आयझेनहॉवर बोगदा लागतो, सुमारे ११ हजार फूट उंचीवर. पलीकडे उतरताना शंभर फुटांना सहा-सात फूट उतार. आपल्या बोरघाटात आगगाडीचा चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणजे हा उतार त्याच्या जवळजवळ अडीचपट! अशा उतारावर नुसती मोटार बसला नव्वदएक किलोचा रेटा देते. जोराने ब्रेक दाबला तर तो चारशेच्या घरात जातो. आणि खड्ड्याचे हिसके निराळेच. जोड सुटला तर बस सुखरूप राहील. मरेल तो मागून येणारा.

हा शेवटचा मुद्दा आजोबांनी दोनदा ऐकला. मग पाना आणून स्वतःच बोल्ट सैल करायला लागले.

त्यानंतर दहा दिवस आम्ही दोघे बसखाली उताणे. एंजिनाच्या पुढे जी भक्कम आडवी भिंत असते, तिथपर्यंत दोन लांब दांडे नेले, म्हणजे ओढ पत्र्यावर न येता थेट बसच्या कण्यावर जाईल. दांडे वेल्डिंगने न डकवता बोल्टांनी बसवले. नाहीतर उद्या एंजिन बाहेर काढायचे झाले, तर वाटेत ही आडकाठी! बोल्टही साधे नव्हेत. तिकडच्या मापात डोक्यावर तीन रेघा असल्या की पाचव्या प्रतीचा आणि सहा असल्या की आठव्या प्रतीचा. आम्ही सहा रेघांचे घेतले. जोडाखाली दोन साखळ्या एकमेकींवर फुली करून लावल्या. मुख्य जोड निसटलाच, तर दांडी रस्त्यावर न आपटता त्या फुलीच्या झोळीत पडते.

निघायच्या आदल्या दिवशी मी म्हटले, "आता रंग देण्याआधी परीक्षा." नातीकडून पांढरा खडू मागून घेतला आणि दुकानातून रॉकेल आणवले. ही रेल्वे वर्कशॉपांतली फार जुनी युक्ती. गार झालेला जोड स्वच्छ करून त्यावर रॉकेल लावायचे, अर्धा तास मुरू द्यायचे, मग कोरडा ठाक पुसून वर खडूची पूड फासायची आणि हलके ठोकायचे. डोळ्यांना न दिसणारी भेग असेल, तर आत मुरलेले रॉकेल वर येते आणि खडूवर ओली रेघ उमटते.

तीन जोड पांढरेशुभ्र राहिले. चौथ्याच्या शेवटाला केसाएवढी रेघ उमटली.

नात टाळ्या पिटून ओरडली, "आली, आली!" तिला तो खेळ वाटला. आजींनी डबे भरले होते आणि लेकाला फोनही झाला होता. आजोबा त्या रेघेकडे पाहत राहिले आणि अवाक्षर न बोलता घरात निघून गेले. मला वाटले, शेजारधर्म संपला.

रात्री नऊच्या सुमारास ग्राइंडरचा आवाज आला. जाऊन पाहतो, तो आजोबा चौथा जोड मुळापासून घासून काढत होते. दोष त्यांनीच ओळखला होता: वेल्डिंग संपवताना हात चटकन उचलला, तिथे खळगा राहिला आणि गार होताना त्यातच भेग पडली. रॉकेलचा अंशही राहू नये म्हणून त्यांनी जोड पुसून कोरडा केला, पोलाद आधी तापवून घेतले आणि शेवटाला खळगा भरेपर्यंत हात थांबवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू. रेघ आली नाही. मंडळी दोन दिवस उशिरा निघाली. निघताना नातीने त्यांना उरलेला खडू दिला.

तिसऱ्या दिवशी लेकीच्या फोनवर एक फोटो आला. घाट उतरून झाल्यावर आजोबांनी बस बाजूला घेतली होती, जोड गार होऊ दिले होते आणि चारही जोडांची परीक्षा स्वतः पुन्हा केली होती. फोटोत नुसता पांढरा खडू फासलेला पोलादी सांगाडा.

नातीने फोटो उलटसुलट करून पाहिला आणि हिरमुसून म्हणाली, "आजोबा, यात तर काहीच नाही!"

"हो ना," मी म्हटले, आणि तो फोटो आणखी थोडा वेळ पाहत बसलो.