आगबोटीवर पाऊल ठेवण्यापूर्वी

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह विलायतेला निघाले, तेव्हा त्यांनी एक अख्खी आगबोट भाड्याने घेतली आणि माणसाएवढ्या उंच चांदीच्या घागरींतून गंगाजल बरोबर नेले. समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडणे, असे मानण्याचा तो काळ होता. आज प्रायश्चित्ताची भीती कुणाला उरलेली नाही. मात्र घागर तर राहोच, पाणी तापवायची साधी किटलीसुद्धा आता पर्यटनाच्या बोटीवर नेऊ देत नाहीत. नियम बदलले, इतकेच. नियम काही संपले नाहीत.

कोकणातल्या माणसाला बोट नवी नव्हती. भाऊच्या धक्क्यावर वळकटी टाकून तो डेकवर आडवा होई आणि बंदर आले की पडावातून किनाऱ्याला लागे. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या बोटींची नावे आजही अनेक घरांत जिव्हाळ्याने निघतात. ती वाहतूक केव्हाच बंद झाली. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली, पण तीही टिकली नाही. २०२१ पासून मात्र मोठ्या पर्यटन-बोटी मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागल्या, आणि २०२५ साली बॅलार्ड पिअरला त्यांच्यासाठी नवे प्रशस्त टर्मिनलही खुले झाले. आपल्या शहरातल्या जुन्या घरांतूनही आता 'एकदा बोटीने जाऊन येऊ' असे बोलणे ऐकू येते. अशांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगाव्यात, म्हणून हा लेख.

गेल्या वर्षी आम्ही घरची नऊ माणसे अशा सफरीला गेलो. बरोबर आत्या होती. ती कोहिनूरची, म्हणजे बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणच्या बाजूची. वय चौऱ्याहत्तर. तुरीच्या आणि ज्वारीच्या रानात जन्म गेलेला. पाणी म्हणून पाहिले ते विहिरीचे आणि तळ्याचे. कलबुर्गीपर्यंत मोटारीने आणि तेथून रेल्वेने ती मुंबईला आली. बोट पाहून म्हणाली, "अरे, हा तर चिरेबंदी वाडाच की!"

पहिली चूक माझ्याच हातून झाली. धक्क्यावर मोठे सामान चिठ्ठी लावून ताब्यात घेतात, यंत्रातून तपासतात आणि नंतर खोलीच्या दाराशी आणून ठेवतात. त्यात तीन-चार तास सहज जातात. आत्याची रक्तदाबाची औषधे मी नेमकी त्याच मोठ्या बॅगेत ठेवली होती. दुपारची गोळी टळली आणि बॅग येईपर्यंत आम्हा सर्वांचा जीव टांगणीला लागला. म्हणून सांगतो : औषधे, चष्मा, ओळखपत्र आणि एक जोडी कपडे खांद्याच्या पिशवीतच असावेत. मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन, इस्त्री हे सारे घरी ठेवावे. बोटीवर आगीइतकी दुसरी कशाची धास्ती नसते. ओळखपत्र मूळ असावे आणि तिकिटावरचे नाव त्याच्याशी अक्षरशः जुळावे.

आत शिरताना तुमचा फोटो काढून एक कार्ड देतात. खोलीची किल्ली तेच, खरेदीचे खाते तेच, आणि बंदरावर उतरता-चढताना हजेरीही त्याच्यावरच. रोख पैसे फारसे चालत नाहीत. त्यामुळे पैसे खर्च होत आहेत हे लक्षातच येत नाही, आणि शेवटच्या दिवशी हिशेबाचा कागद पाहून माणूस दचकतो. जेवण बहुधा भाड्यात धरलेले असते. मद्य, इंटरनेट, मालिश, काही खास उपाहारगृहे आणि डॉक्टर यांचे पैसे वेगळे. बाटलीबंद पाण्याचे दर पाहून आत्या म्हणाली, "एवढ्या पाण्यात बसून पाणी विकत घ्यायचं का रे?" जेवणघरात विचारले तर साधे पिण्याचे पाणी मिळते. खात्यावरचा खर्च रोज एकदा विचारून घ्यावा. त्यात संकोच कसला? भर समुद्रात फोन आपोआप उपग्रहाची सेवा पकडतो आणि तिचे दर भारी असतात. तेव्हा तो विमानातल्यासारखा 'एअरप्लेन मोड'वर ठेवावा.

ज्यांना बोट लागण्याची भीती आहे, त्यांनी खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यभागाची खोली मागावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात. पोट अगदी रिकामेही नको आणि तुडुंबही नको. मळमळू लागल्यास उघड्या हवेत यावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. गोळ्या घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्याआधी घ्याव्यात. बाहेरच्या डेकच्या दारांना उंच उंबरे असतात. वृद्धांना ते आधी दाखवून ठेवावेत. जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, कारण इतकी माणसे एका छताखाली असली म्हणजे पोटाचा आजार भराभर पसरतो.

हे सारे विसरलात तरी कुणी तरी सांगेल. एक गोष्ट मात्र चुकवू नये. ती म्हणजे सुरक्षा-कवायत. त्या वेळी मला डेकवरून मुंबईचे दिवे पाहायचे होते. आत्याने दंडाला धरून ओढत नेले. "पंगतीला बसायच्या आधी हात धुवायचे की नाही?" असा तिचा सवाल.

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली आणि दुपार उलटेपर्यंत मुंबईला त्याची वार्ताही नव्हती. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही प्रचंड बोट खडकावर आपटली. ३२ जण दगावले. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेली नव्हती, कारण त्या वेळच्या नियमाप्रमाणे ती २४ तासांच्या आत घेतली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला. आता कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते.

कवायतीत शिकायचे ते थोडकेच. आपली जमण्याची जागा कोणती, हे कार्डावर किंवा खोलीच्या दारामागे लिहिलेले असते. तेथवर जिन्याने एकदा चालून पाहावे; संकटात लिफ्ट वापरायची नसते. जीवरक्षक जॅकेट कोठे आहे आणि कसे बांधायचे, ते पाहावे. सामान घ्यायला मागे फिरू नये. आणि धोक्याचा भोंगा ओळखावा : सात आखूड आवाज आणि एक लांब. गाणे शिकवण्यात माझे आयुष्य गेले, पण कान असूनही मी ते आधी नीट ऐकले नाही. आत्याने बोटांवर मोजले आणि म्हणाली, "सात लघु, एक गुरू. ध्यानात ठेव."

दुसऱ्या रात्री आमच्या मजल्यावर अचानक घंटा वाजू लागली. माणसे झोपेतून उठून बोळात आली. कुणी बॅगा ओढत होते, कुणी लिफ्टचे बटण दाबत होते. आत्या खांद्यावर शाल, पायांत चपला आणि हातात औषधांची पुरचुंडी घेऊन दारात उभी. म्हणाली, "हा तो भोंगा नव्हे. पण जायची वेळ आलीच तर डाव्या हाताचा जिना." दहा मिनिटांत कळले की कुणी तरी खोलीत उदबत्ती लावली होती. सारे हसत परतले. मला मात्र बराच वेळ झोप आली नाही. नऊ माणसांना घेऊन मी निघालो होतो, आणि वाट ठाऊक होती ती एकट्या आत्याला.

बंदरावर उतरलात तर घड्याळ बोटीच्या वेळेशी जुळवा. उशीर करणाऱ्यासाठी बोट थांबत नाही. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठ्या लावून दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे आणि औषधे तेवढी मागे ठेवा. नाही तर रात्रीच्या पोशाखातच मुंबईत उतरायची पाळी येईल.

आत्या कोहिनूरला परतली. फोनवर विचारले, शेजारणींना समुद्राचे काय सांगितलेस? म्हणाली, "पाणी खूप आहे म्हणून सांगितलं. आणि भोंगा शिकवला."