ट्रेलरच्या टायरची असमान झीज : खुणा, कारणे आणि निदान

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत :

- टायरवरील झिजेची खूण पाहून संभाव्य कारण सांगणे.
- हवेचा दाब, भार आणि चाकांची दिशा यांचा झिजेशी असलेला संबंध साध्या गणिताने दाखवणे.
- टेप, दोरी, खडू आणि जॅक एवढ्या साधनांवर ट्रेलरची तपासणी योग्य क्रमाने करणे.

१. प्रस्तावना

गाळप हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या दिसतात. कावेरीच्या खोऱ्यात, कुंभकोणमच्या आसपास, कापणीनंतर भाताची पोती ट्रेलरमधून खरेदी केंद्राकडे जातात. मोटारीमागे जोडून नेण्याचे फिरते घर, म्हणजे कॅरॅव्हॅन, हाही एक ट्रेलरच. तिघांची कामे वेगळी असली तरी एक गोष्ट समान आहे : या वाहनाला स्वतःचे इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, आणि त्यात चालक बसत नाही.

या शेवटच्या मुद्द्याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. मोटारीच्या चाकाची दिशा बिघडली तर स्टिअरिंग एका बाजूला ओढते किंवा थरथरते, आणि चालकाला लगेच कळते. ट्रेलरचे चाक तिरके झाले तरी ट्रॅक्टरच्या सीटवर काहीच जाणवत नाही. बिघाडाची पहिली, आणि पुष्कळदा एकमेव, नोंद टायरच्या नक्षीवर होते. ती वाचता आली नाही तर मालक झिजलेला टायर काढून नवा घालतो, मूळ दोष तसाच राहतो आणि पुढच्या हंगामात तोच खर्च पुन्हा येतो. खर्चापेक्षा गंभीर बाब अशी की काही खुणा सैल बेअरिंगच्या किंवा वाकलेल्या अ‍ॅक्सलच्या असतात. भरलेल्या ट्रेलरचे चाक रस्त्यात निखळले तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते.

२. टायर झिजतो म्हणजे काय होते?

टायर रस्त्यावर नुसता गरगर फिरला तर रबर फार कमी झिजते. जमिनीला टेकलेला भाग जमिनीवर घसरला की झीज होते. टेकलेल्या या भागाला आपण ‘टेकू-पट्टा’ म्हणू. असमान झिजेची सगळी कारणे दोनच प्रश्नांत मावतात :

1. टेकू-पट्ट्यावर भार सगळीकडे सारखा पडतो आहे का?
2. चाक ज्या दिशेला तोंड करून आहे, त्याच दिशेला ते जाते आहे का?

पहिल्या प्रश्नाखाली दाब, भार आणि कॅम्बर येतात. दुसऱ्याखाली टो, अ‍ॅक्सलचा तिरकेपणा आणि वळणावरची घासण येते.

३. खुणा आणि त्यांचे अर्थ

| झिजेची खूण | प्रथम तपासायचे कारण |
|---|---|
| मधला भाग जास्त झिजलेला | हवा जास्त |
| दोन्ही खांदे झिजलेले, मध्य शाबूत | हवा कमी किंवा भार जास्त |
| फक्त आतला खांदा झिजलेला | अ‍ॅक्सल भाराने वाकलेला |
| फक्त बाहेरचा खांदा झिजलेला | अ‍ॅक्सलची कमान जास्त, किंवा टो-इन |
| नक्षीच्या कडा एका बाजूने धारदार | टो चुकलेला |
| ठरावीक अंतराने खोलगट वाट्या | बेअरिंग सैल, चाक असंतुलित किंवा रिम वाकडी |
| एकाच जागी सपाट डाग | ब्रेक जाम, किंवा भरलेला ट्रेलर फार काळ उभा |

कोष्टकातील कारण ही सुरुवात आहे, निकाल नव्हे. एका टायरवर दोन खुणा एकत्रही दिसतात. म्हणून प्रत्येक कारण मोजमापाने पडताळावे लागते.

४. हवेचा दाब

हवा कमी असेल तर टायरच्या बाजूच्या भिंती दबतात, मधला भाग किंचित उचलला जातो आणि भार खांद्यांवर येतो. भिंती प्रत्येक फेरीत वाकतात आणि सरळ होतात. त्यात उष्णता निर्माण होते. ती साचत गेली तर टायर फुटतो. म्हणून दोन्ही खांदे झिजलेला टायर केवळ जुना समजून सोडून देऊ नये.

दाब नेहमी टायर थंड असताना मोजावा. याचे कारण गणिताने पाहू. समजा, सकाळी २७° से. तापमानाला गेजवर ५ बार दाब आहे. गेज वातावरणाच्या दाबाच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून निरपेक्ष दाब सुमारे ६ बार. प्रवासानंतर आतली हवा ५७° से. झाली, म्हणजे ३०० केल्विनवरून ३३० केल्विन. आकारमान जवळजवळ तेच असल्याने दाब १० टक्क्यांनी वाढून ६.६ बार होईल आणि गेज ५.६ दाखवेल.

आता चालकाने ‘हवा जास्त झाली’ म्हणून गेजवर ५ येईपर्यंत हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी निरपेक्ष दाब ६ × ३००/३३० = ५.४५ बार, म्हणजे गेजवर सुमारे ४.४५ उरेल. त्याने दाब योग्य केला नाही, ११ टक्के कमी केला. उन्हाळ्यात पेट्रोल पंपावर गरम टायरमधून हवा सोडण्याच्या सवयीतून खांदे झिजण्याची खूण अशीच तयार होते.

५. भार आणि त्याची वाटणी

उदाहरण घेऊ. कुंभकोणमहून सुमारे ४० किमीवरील तंजावरला भात नेणारा, मागे जवळजवळ दोन अ‍ॅक्सल असलेला चार चाकी ट्रेलर आहे. ४० किलोची १५० पोती, म्हणजे ६००० किलो. ट्रेलरचे स्वतःचे वजन १५०० किलो धरू. एकूण ७५०० किलोंपैकी १० टक्के, म्हणजे ७५० किलो, जोडदांड्यावाटे ट्रॅक्टरवर जातात. उरलेले ६७५० किलो चार चाकांवर.

प्रत्येक चाकावर सरासरी ६७५०/४ = १६८७ किलो. टायरची क्षमता १७०० किलो असेल तर सगळे ठीक वाटते. पण पोती रचताना डाव्या बाजूला ५५ टक्के भार गेला, तर डाव्या प्रत्येक चाकावर ६७५० × ०.५५/२ = १८५६ किलो येतात. एकूण वजन नियमात असूनही डावे दोन्ही टायर क्षमतेच्या १५६ किलो वर गेले. वजनकाट्यावर हे दिसत नाही, टायरच्या खांद्यांवर दिसते.

दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरमध्ये हूकची उंचीही पाहावी. दांडा उंच जोडला गेला की ट्रेलरचे नाक वर उठते आणि मागच्या अ‍ॅक्सलवर जास्त भार येतो. दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये भार वाटून देणारी तरफ नसेल तर मागची जोडी आधी झिजते.

६. कॅम्बर : अ‍ॅक्सलचा वाक

पाटे अ‍ॅक्सलला चाकांच्या आतल्या बाजूस दाबतात आणि चाके टोकांना वर उचलून धरतात. त्यामुळे जास्त भाराखाली अ‍ॅक्सल मध्यभागी खाली झुकतो, चाकांचे माथे आत कलतात आणि आतला खांदा झिजतो. भार उतरल्यावर अ‍ॅक्सल सरळ झाला तर तो लवचीक वाक होता. सरळ झाला नाही तर अ‍ॅक्सल कायमचा वाकला आहे. म्हणून कॅम्बर भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही स्थितींत पाहावा.

७. दिशा : चाकांचे एकमत हवे

अ‍ॅक्सल चौकटीला काटकोनात नसेल तर टायर झिजेलच, असे विद्यार्थी अनेकदा लिहितात. हे अर्धवट खरे आहे. एकच अ‍ॅक्सल असलेल्या ट्रॉलीत तो किंचित तिरका असला, तर ट्रॉली खेकड्यासारखी तिरकी चालते. पण दोन्ही चाके परस्परांना समांतर असल्याने दोघांना मोकळेपणे फिरता येते. झीज फारशी होत नाही. मागून पाहणाऱ्याला मात्र ट्रॉली ट्रॅक्टरच्या रेषेत दिसत नाही.

चाकांचे आपसांत जमत नसेल तर झीज होते. असे दोन प्रकारे घडते :

- एकाच अ‍ॅक्सलची दोन चाके समांतर नसणे (टो).
- मागच्या दोन स्थिर अ‍ॅक्सलपैकी एक तिरका असणे. यू-बोल्ट सैल झाला, पाट्यांचा मधला बोल्ट तुटला किंवा शॅकल झिजले की अ‍ॅक्सल सरकतो.

टो-इनमध्ये चाकांची तोंडे आत वळलेली असतात. नक्षीवरून तळवा आतून बाहेर फिरवला तर धार लागते, बाहेरून आत फिरवला तर गुळगुळीत लागते. टो-आऊटमध्ये याच्या उलट. तारा बाहेर आलेल्या टायरवर मात्र हात फिरवू नये.

८. सोडवलेले उदाहरण : दोष टोचा की वळणांचा?

वरील ट्रेलरचा टायर ७०० मिमी व्यासाचा असून प्रत्येक चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेत ३ मिमीचा फरक आहे. दिशेचा कोन ३/७०० = ०.००४३ रेडियन. म्हणजे दर किलोमीटरला टायर ४.३ मीटर आडवा ओढला जातो, ४० किमीत १७२ मीटर.

चालक म्हणतो, दोष गावातल्या अरुंद वळणांचा आहे. दोन अ‍ॅक्सलमध्ये ०.९ मीटर अंतर आणि वळणाची त्रिज्या ६ मीटर धरली, तर प्रत्येक अ‍ॅक्सलवर घसरकोन ०.४५/६ = ०.०७५ रेडियन, म्हणजे ४.३ अंश. अशी दहा काटकोनी वळणे म्हणजे सुमारे ९४ मीटर अंतर, आणि आडवी ओढ ९४ × ०.०७५ = ७ मीटर.

१७२ विरुद्ध ७ : चालक चुकला? घाई करू नका. झीज केवळ अंतरावर नाही, तर घर्षणात खर्च झालेल्या ऊर्जेवर ठरते. आडवे बल लहान कोनांसाठी ढोबळमानाने कोनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ऊर्जा = (कोन)² × अंतर या प्रमाणात.

- टो : (०.००४३)² × ४०,००० ≈ ०.७४
- वळणे : (०.०७५)² × ९४ ≈ ०.५३

दोन्ही जवळपास सारखेच निघाले. चालकाचे म्हणणे निराधार नव्हते. मग ओळखायचे कसे? खुणेवरून. डावी-उजवी वळणे सारखीच असतील तर वळणांची घासण दोन्ही दिशांनी होते आणि धार एकाच बाजूला तयार होत नाही. टोची ओढ मात्र सतत एकाच दिशेने असते, म्हणून धार एकाच बाजूला लागते.

९. तपासणीचा क्रम

1. टायरची अदलाबदल करण्यापूर्वी प्रत्येक टायरवर त्याची जागा खडूने लिहा. जागा बदलली की पुरावा गेला.
2. थंड दाब मोजून नोंदवा. मगच हवा भरा.
3. नक्षीची खोली आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजा.
4. सपाट जमिनीवर, उरलेल्या चाकांना उटी लावून, जॅकने चाक उचला आणि चौकटीखाली भक्कम आधार द्या. केवळ जॅकवर विसंबून खाली जाऊ नका.
5. चाक वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर बेअरिंग पाहा. मग चाक फिरवून रिमचा वाकडेपणा पाहा.
6. यू-बोल्ट, पाटे आणि शॅकल तपासा.
7. हूकच्या पिनेपासून पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर टेपने मोजा. दोन्ही समान हवीत. मग दोन अ‍ॅक्सलमधील अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा.
8. चाक फिरवत नक्षीवर बारीक रेघ ओढा. चाके जमिनीवर टेकवून, ट्रेलर थोडा पुढे ओढून, हबच्या उंचीवर दोन चाकांच्या रेघांमधील अंतर पुढून आणि मागून मोजा. फरक म्हणजे एकूण टो.

स्वस्त आणि सोपे आधी, महाग आणि अवघड नंतर, हे या क्रमामागचे तत्त्व आहे. बेअरिंग सैल असताना टो मोजला तर आकडा विश्वासार्ह येत नाही, म्हणून पाचवी पायरी आठवीच्या आधी आहे.

१०. सारांश

असमान झीज हे लक्षण आहे. भार असमान पडणे किंवा चाकांच्या दिशा न जुळणे, ही त्याची दोन मुळे. खूण पाहून अंदाज बांधावा, मोजून पडताळावा, दोष दूर करावा आणि मगच नवा टायर घालावा.

स्वाध्याय

1. ३७° से. तापमानाला गेजवर ४ बार असलेला टायर ६८° से. झाला. गेज किती दाखवेल?
2. कलम ८ मधील ट्रेलर रोज केवळ २ किमी अंतर जातो, पण वळणे तेवढीच घेतो. झिजेचे मुख्य कारण कोणते ठरेल? ऊर्जेच्या हिशेबाने दाखवा.
3. आपल्या परिसरातील एखाद्या ट्रॉलीच्या सर्व टायरची नक्षी, मालकाची परवानगी घेऊन, तीन-तीन ठिकाणी मोजा. नोंदीवरून संभाव्य कारण लिहा आणि ते पडताळण्यासाठी पुढे कोणते मोजमाप घ्याल ते सांगा.