बांधलेले हात : जत्रेतील गाणे आणि त्याचे संस्करण

पात्रांनी गावे का, ही संगीतपटापुढची जुनी अडचण आहे. संगीत नाटकातील पदांना परंपरेची संमती असते. वास्तवाचा भास निर्माण करू पाहणाऱ्या चित्रपटात मात्र गाण्याला कारण लागते. गाणे हाच ज्यांचा चरितार्थ आहे अशी माणसे कथेच्या केंद्रस्थानी आणली, की हे कारण आपोआप लाभते. हॉलिवूडने म्हणूनच रंगभूमीचा व जत्रेचा वारंवार आश्रय घेतला. वॉल्टर लँग यांनी दिग्दर्शित केलेला ‘कोनी आयलंड’ (1943) हा त्याचा ठळक नमुना होय.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात अटलांटिकच्या काठी वसलेले कोनी आयलंड विसाव्या शतकाच्या आरंभी पाळणे, दिव्यांची आरास आणि खेळांचे तंबू यांनी गजबजलेले होते. 1903 मध्ये तेथे ‘लूना पार्क’ उघडले. चित्रपटाची नायिका केट फार्ले (बेटी ग्रेबल) अशाच वस्तीतील मद्यगृहात गाते. तिचा आवाज चढा, वेष भडक आणि हातवारे अनावर आहेत. तिला मोठ्या रंगभूमीस योग्य करण्याचा विडा एडी जॉन्सन (जॉर्ज माँटगोमेरी) उचलतो. तिने एक संथ प्रेमगीत शांतपणे म्हणावे म्हणून तो तिला बेड्या घालून गायला लावतो. पुढे ती ब्रॉडवेवर पोचते.

हा प्रसंग विनोदी असला, तरी त्यात एक वाङ्मयीन प्रश्न दडलेला आहे. लोकांच्या गर्दीत वाढलेल्या कलेचे संस्करण म्हणजे तिचा विकास की तिचा संकोच? मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. फडावरची लावणी सभागृहात आली तेव्हा तिच्यातील काय राखावे व काय गाळावे, हा वाद आपल्याकडेही झाला. एडीचे उत्तर निःशंक आहे : जत्रेने दिलेले ते गाळावे. परंतु चित्रपट स्वतः त्याच्याशी पुरता सहमत दिसत नाही. त्याचा खरा उल्हास रंगांच्या उधळणीत आणि ग्रेबलच्या चपळ पदन्यासातच आहे. नायिकेला संयम शिकविणारी ही कृती स्वतः जत्रेच्याच बळावर उभी आहे.

याच प्रश्नाचे अगदी उलट उत्तर भारतात भिलाईच्या मैदानावर मिळाले. रायपूरचे हबीब तन्वीर 1955 मध्ये लंडनला नाट्यशिक्षणासाठी गेले. परतल्यावर त्यांनी छत्तीसगडच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातील कलावंत हाताशी घेतले. पण त्यांच्याकडून हिंदी बोलवून घेतले आणि रंगमंचावरील हालचालीही आखून दिल्या. रात्रभर गावचौकात मोकळेपणाने खेळणारे हे नट त्या चौकटीत अवघडले. दोष नटांत नसून आपल्या पद्धतीत आहे, हे ओळखण्यास तन्वीरांना बरीच वर्षे लागली. मग त्यांनी नटांना त्यांची छत्तीसगडी बोली परत दिली आणि हालचालींचे बंधन काढले. विजयदान देथा यांच्या कथेवर आधारलेल्या ‘चरणदास चोर’ या नाटकाचे आरंभीचे रूप 1970 च्या दशकाच्या मध्यास, पोलाद कारखान्याच्या त्या नगरीत, सतनामी समाजाच्या मेळाव्यापुढे उघड्यावर सादर झाले. सत्याचे व्रत पाळून मरणारा चोर त्या प्रेक्षकांना आपला वाटला. त्यांची पंथी गीते नाटकाचे अंग बनली. 1982 मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात याच नाटकाचा गौरव झाला.

केट ब्रॉडवेवर पोचते ती हात आवरून. ‘नाचा’चे कलावंत परदेशी पोचले ते हात मोकळे राखून. तन्वीरांनीही संस्करण केलेच. कथेची बांधणी घट्ट केली आणि प्रयोगाला मर्यादा घातली. परंतु त्यांचा संस्कार रचनेवर होता, नटाच्या देहावर व बोलीवर नव्हता. लोककलेला हात लावणाऱ्या प्रत्येक लेखकाने, आणि अनुवादकानेही, हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.