उपनगरात घर मिळते. शहर मिळते का?

दिल्लीच्या पूर्वेकडील मयूर विहार या वसाहतीची हद्द संपते, तिथून नोएडा सुरू होते. दोन्हीकडची माणसे एकाच ‘ब्लू लाइन’ मेट्रोने कामावर जातात आणि हिवाळ्यात एकाच धुरक्यात खोकतात. मात्र लहान मूल असलेले कुटुंब या हद्दीच्या अलीकडे राहते की पलीकडे, यावर त्या मुलाची शाळा, पुढे त्याचा विद्यापीठातील प्रवेश आणि बहुतेकदा त्याच्या आईची नोकरी अवलंबून असते. माझ्या परिचयातील तरुण जोडपी घराविषयी सल्ला मागतात, तेव्हा त्यांच्या वहीत तीनच रकाने असतात: किंमत, खोल्यांची संख्या आणि कार्यालयापर्यंतचे अंतर. चौथा रकाना हद्दीचा असायला हवा, असे मी त्यांना सांगतो. हा रकाना सहसा रिकामा राहतो, कारण तो भरण्यासाठी लागणारी माहिती कोणत्याही जाहिरातीत नसते.

हा प्रश्न केवळ दिल्लीचा नाही. २०११च्या जनगणनेने देशातील महानगरांचे जे चित्र दाखवले, त्यात मध्यभाग रिता होत होता आणि कडा भरत होत्या. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसात टक्क्यांनी घटली. कोलकाता जिल्ह्याचीही घटली. त्याच दहा वर्षांत दिल्लीला लागून असलेल्या गुडगाव जिल्ह्याची लोकसंख्या ७३ टक्क्यांहून अधिक वाढली. राहणी शहरी, पण कारभार ग्रामपंचायतीचा, अशा ‘जनगणना नगरां’ची संख्या १,३६२ वरून ३,८९४ वर गेली. म्हणजे शहराच्या कडेला घर घेणे हा आता अपवाद राहिलेला नाही. देशातील मध्यमवर्गाचा तो सर्वसाधारण मार्ग झाला आहे.

कुटुंबे कडेला का जातात, याचे पहिले उत्तर अर्थातच पैसा हे आहे. पण त्यामागे कायद्याची एक गोष्टही आहे. मुलाची शाळा नर्सरीपासून बारावीपर्यंत १४ वर्षांची असते. भाडेकरार मात्र ११ महिन्यांचा असतो. एका वर्षाहून दीर्घ भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी ११ महिन्यांची प्रथा देशभर रुजली. दर वर्षी घरमालकाच्या मर्जीवर अवलंबून राहून मुलाची शाळा टिकवणे ज्यांना नकोसे होते, ते कर्ज काढतात आणि जिथे परवडेल तिथे, म्हणजे दूरवर, घर घेतात. दिल्लीसाठी नवा भाडे कायदा संसदेने १९९५ मध्ये मंजूर केला, पण तो कधी अमलातच आला नाही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. भाड्याचे घर सुरक्षित वाटेल, इतका बदल त्यानंतरही सामान्य भाडेकरूच्या अनुभवास आलेला नाही. याच देशातील शहरांत २०११ मध्ये सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी होती. आपल्याकडे उपनगरांची वाढ ही जितकी स्वस्त जमिनीची, तितकीच मोडलेल्या भाडेव्यवस्थेची निष्पत्ती आहे.

आता हद्दीकडे वळू. दिल्लीतील बहुतेक खासगी शाळा नर्सरी प्रवेशासाठी गुण देतात आणि त्यातील मोठा हिस्सा घर ते शाळा या अंतराला असतो. त्यामुळे दूरच्या उपनगरातील मुलाची शाळा साहजिकच त्याच राज्यात ठरते. चौदा वर्षांनी या निर्णयाचा दुसरा अंक सुरू होतो. दिल्लीतील गुरू गोविंद सिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठात ८५ टक्के जागा दिल्लीतील शाळांतून बारावी झालेल्यांसाठी असतात. दिल्ली तंत्रज्ञान विद्यापीठातही ८५ टक्के जागा दिल्लीच्या वाट्याला आहेत. नोएडातील मुलाला उत्तर प्रदेशच्या वाट्याच्या जागा खुल्या राहतात, हे खरे. परंतु ज्या शहरात त्याचे आईवडील रोज कामाला जातात, त्याच शहरातील विद्यापीठात तो परप्रांतीय ठरतो. तीन वर्षांच्या मुलासाठी घर पाहताना आपण त्याचा अठराव्या वर्षीचा प्रवेश ठरवत आहोत, हे किती पालकांना ठाऊक असते?

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. दिल्ली महापालिकेत २५० प्रभाग आहेत. तितकेच निवडून आलेले नगरसेवक आहेत. त्यांच्या कामाविषयी कोणाचे कितीही वाईट मत असले, तरी नाली तुंबली तर कोणाच्या दारी जायचे, हे नागरिकाला ठाऊक असते. नोएडात नगरसेवकच नाही. २०११ मध्ये ६ लाख ३७ हजार लोकसंख्या असलेल्या या शहराला महापालिका नाही, महापौर नाही. १९७६ मध्ये एका औद्योगिक विकास कायद्याखाली स्थापन झालेले प्राधिकरण, म्हणजेच सरकारने नेमलेले अधिकारी, शहर चालवतात. ७४व्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्था अनिवार्य केल्या खऱ्या, पण अनुच्छेद २४३ क्यूमध्ये ‘औद्योगिक नगरी’साठी एक पळवाट ठेवली. कारखान्याच्या वसाहतीसाठी असलेली ही सवलत लाखो कुटुंबांच्या शहराला लागू झाली आहे. गुडगावची कथाही फार वेगळी नाही. खासगी विकासकांनी १९७५च्या हरियाणा कायद्याखाली वसाहती उभारायला सुरुवात केली. महापालिका आली २००८ मध्ये आणि तिची पहिली निवडणूक झाली २०११ मध्ये. एक संपूर्ण पिढी महापालिकेविना वाढली.

याचे परिणाम घरापर्यंत पोहोचतात. नोएडातील जमीन प्राधिकरणाकडून ९० वर्षांच्या पट्ट्याने मिळते. बिल्डरने प्राधिकरणाची थकबाकी भरली नाही, तर सदनिकांची नोंदणी अडते आणि घराचे सगळे पैसे भरलेली कुटुंबे कागदोपत्री मालक न होताच त्या घरात राहतात. आम्रपाली समूहाच्या प्रकरणात ४२ हजारांहून अधिक ग्राहक अडकले. सर्वोच्च न्यायालयाला २०१९ मध्ये अपुरे प्रकल्प ‘एनबीसीसी’ या सरकारी कंपनीकडे सोपवावे लागले. रखडलेल्या नोंदणीचा तिढा सोडवण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये अमिताभ कांत समिती नेमली. ज्या शहरात अधिकाऱ्यांना जाब विचारणारा लोकप्रतिनिधी नसतो, तिथे साध्या नागरी तक्रारीसाठीही न्यायालय गाठावे लागते. नोएडात प्राधिकरणाऐवजी महानगर संस्था असावी का, याचा विचार करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये राज्य सरकारला सांगितले, ते यामुळेच.

तिसरी बाब वेळेची. उपनगरात घर घेणारे कुटुंब वाचवलेल्या पैशांचा हिशेब मांडते. खर्च झालेल्या वेळेचा मांडत नाही. तो खर्च सर्वांना समान येत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाचे २८९ मिनिटे विनामोबदला घरकामात घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. यात रोजच्या प्रवासाचे तीन तास मिळवले, की नोकरी कोण सोडणार, याचा निर्णय चर्चेआधीच झालेला असतो. पाळणाघराची सोयही याला अपवाद नाही. २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. पण पाळणाघर कार्यालयाजवळ आणि घर ३० किलोमीटरवर असेल, तर ते वापरण्यासाठी तान्ह्या बाळाला रोज गर्दीच्या वेळी महानगर ओलांडावे लागते. पाळणाघर हवे ते घराच्या गल्लीत.

उपनगराची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. बंदिस्त संकुलात मुलांना खेळायला मोकळी जागा असते, आणि वाहनांची भीती नसते. दिल्लीच्या जुन्या वसाहतींत पदपथावर मोटारी उभ्या असतात आणि बागेत ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ असा फलक असतो. मेट्रो २००९ मध्ये नोएडात, २०१० मध्ये गुडगावात पोहोचली. दिल्ली–मेरठ ‘नमो भारत’ गाडीचा पहिला टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. या सोयींनी अंतर खरोखरच कमी केले आहे. ज्या जोडप्याची दोन्ही कार्यालये नोएडातच आहेत, त्याने दिल्लीत राहण्याचा अट्टहास करण्याचे काही कारण नाही. मात्र स्वच्छ हवेसाठी कोणी पलीकडे जात असेल, तर तो भ्रम आहे. प्रदूषण टोकाला गेले, की दिल्लीबरोबरच गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगर येथील वर्गही ऑनलाइन भरवण्याची वेळ येते.

म्हणून मला विचाराल, तर मुले लहान असेपर्यंत सर्वांत लहान दैनंदिन फेरा निवडा: घर, शाळा, आईचे काम आणि वडिलांचे काम या चार बिंदूंना जोडणारा. त्यासाठी एखादी खोली कमी आणि भाड्याचे घर पत्करावे लागले, तरी चालेल. पण ही निवड पगारदार, सुशिक्षित कुटुंबालाच शक्य आहे. सीमेपलीकडच्या खोडा किंवा लोनीसारख्या वस्त्यांतून दिल्लीत घरकामासाठी येणाऱ्या स्त्रीपुढे असा पर्याय नसतो.

तेव्हा हा प्रश्न केवळ घराघरांतील समजूतदारपणावर सोडता येणार नाही. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी १९८५ पासून नियोजन मंडळ आहे आणि त्याचा विस्तार सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटर आहे. प्रदूषणासाठी या क्षेत्राला एक मानले जाते, रेल्वेसाठीही मानले जाते. मग शिक्षणासाठी का नाही? राखीव जागांची परस्पर देवघेव तीन राज्ये आणि दिल्ली यांना सहमतीने करता येईल. ‘औद्योगिक नगरी’ची पळवाट ठरावीक लोकसंख्येनंतर आपोआप बंद व्हावी. भाडेकरार किमान पाच वर्षांचा, नोंदणीकृत आणि दोन्ही पक्षांना विश्वास वाटेल असा असावा. अंगणवाडीला पाळणाघर जोडणाऱ्या केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेचा भर आता वाढत्या उपनगरांवर असावा.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. शहरांच्या कडा किती भरल्या, हे त्या आकड्यांतून कळेल. तिथे राहणाऱ्या किती कुटुंबांना स्वतःचा नगरसेवक आहे, हा रकाना गणनेच्या अर्जात नाही. तो सरकारने स्वतःहून भरायचा आहे.