पंधरा दिवसांची मुदत

हैदराबादचं नामपल्ली स्टेशन १९०७ सालचं. पुढच्याच वर्षी, २८ सप्टेंबर १९०८ला, मुसी नदीला पूर आला आणि हजारो माणसं गेली. निजामाने अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतलं. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव उभे राहिले. १९१२ साली ‘आराइश-ए-बल्दा’ हे नगरसुधार मंडळ स्थापन झालं. दाट, रोगट वस्त्या हटवायच्या, रस्ते रुंद करायचे आणि उठवलेल्यांसाठी हवेशीर घरं बांधायची, हे त्याचं काम. नामपल्लीची वस्ती त्याच्या सुरुवातीच्या कामांत होती. शहराचं त्यातून भलं झालं, हे मान्यच करायला हवं. पण ज्यांची घरं पाडली, त्यांचं म्हणणं ऐकून घेणं कोणत्याही कायद्याने बंधनकारक नव्हतं. राज्य निजामाचं होतं.

आराखड्यांपुरतं ते बंधन १९७५च्या नागरी क्षेत्र विकास कायद्यात आहे. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करायचा, हरकती आणि सूचना मागवायच्या, त्यांचा विचार करायचा आणि मगच मंजुरी द्यायची. त्याच वर्षी हैदराबाद नागरी विकास प्राधिकरण, म्हणजे ‘हुडा’, स्थापन झालं. २००८मध्ये त्याच्या जागी महानगर विकास प्राधिकरण, ‘एचएमडीए’, आलं. जुन्या पालिका हद्दीचा सुधारित आराखडा २०१०मध्ये मंजूर झाला आणि महानगराचा २०३१पर्यंतचा आराखडा २०१३मध्ये. नामपल्ली पहिल्या आराखड्यात येते.

मोठा आराखडा पंधरा-वीस वर्षांतून एकदा येतो. त्याची बातमी होते, सभा होतात, लोक नकाशापुढे गर्दी करतात. खरी झीज होते ती नंतरच्या फुटकळ फेरबदलांतून. अमुक सर्व्हे नंबरची अमुक एकर जमीन निवासी वापरातून व्यापारी वापरात नेण्याचा प्रस्ताव आहे, अशी ती जाहीर सूचना असते. खाली चतुःसीमा दिलेल्या असतात: उत्तरेला दुसऱ्या एका सर्व्हे नंबरची जमीन, दक्षिणेला ‘विद्यमान रस्ता’, पूर्वेला शेजाऱ्याची जागा, पश्चिमेला पुन्हा सर्व्हे नंबर. हरकती पंधरा दिवसांत कळवाव्यात, असंही त्यात लिहिलेलं असतं. पण त्या गल्लीत तीस वर्षं राहणारा माणूस आपलं घर सर्व्हे नंबराने ओळखत नाही. तो मशिदीच्या मागची गल्ली, हनुमान मंदिराचा चौक, जुन्या टाकीची जागा, अशा खुणांनी ओळखतो. सूचना त्याच्यासाठी छापलेली असते आणि त्यालाच ती वाचता येत नाही. माझ्या मते लोकसहभागाचं सगळं दुखणं या एका कागदात दिसतं.

तरीही आराखडा हा निर्जीव कागद नाही. तेलंगणाची विधानसभा नामपल्लीच्या पब्लिक गार्डनला लागून, निजामाच्या काळात टाउन हॉल म्हणून बांधलेल्या इमारतीत भरते. २०१९च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने इरम मंजिल ही नवाब फखरुल मुल्कांची एकोणिसाव्या शतकातली हवेली पाडून तिथे नवं विधानभवन बांधायचं ठरवलं. भूमिपूजनही झालं. वारसा इमारतींना संरक्षण देणारा १९९५चा नियम सरकारने २०१५मध्येच काढून टाकला होता, त्यामुळे वाट मोकळी झाल्यासारखी वाटत होती. पण नागरिक उच्च न्यायालयात गेले. १६ सप्टेंबर २०१९ला खंडपीठाने मंत्रिमंडळाचा तो निर्णय रद्द केला. विकास आराखड्यातल्या विभाग-नियमांकडे डोळेझाक करून सरकारलाही अशी इमारत पाडता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. ज्या आराखड्यावर कधीकाळी हरकती मागवल्या गेल्या, त्याच आराखड्याने सरकारचा हात धरला. इरम मंजिल आज उभी आहे.

मेट्रोच्या बाबतीत मात्र उलट घडलं. नामपल्लीहून जवळच सुलतान बाजार. १९०७ सालची विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था इथून हाकेच्या अंतरावर. हैदराबादच्या मराठी माणसाचा हा जुना परिसर. अरुंद रस्त्यावरून मेट्रोचे खांब गेले तर बाजार मरेल, म्हणून व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला. तेलंगणा राज्य झाल्यावर मार्ग बदलण्याची चर्चा झाली. विधानसभेसमोरच्या मार्गाबद्दलही झाली. अखेर दोन्ही ठिकाणी मेट्रो मूळ आखणीला धरूनच गेली. सुलतान बाजार स्टेशनची हिरवी मार्गिका ७ फेब्रुवारी २०२०ला सुरू झाली. कंत्राट देऊन झाल्यावर ऐकून घेतलेल्या हरकतीचं काय होतं, ते इथे दिसतं.

मसुदा टप्प्यावर लोक एकवटले तर काय होतं, ते मुंबईने दाखवलं. २०१५च्या फेब्रुवारीत मुंबईचा प्रारूप आराखडा आला. उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले, आरे विकासाला खुलं केलेलं. ६० हजारांहून अधिक हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो परत पाठवला. सुधारित मसुदा २०१६मध्ये आला, मंजुरी २०१८मध्ये मिळाली. विलंब झाला, हे खरं. पण चुका कागदावर असतानाच सापडल्या. लोकांनी आपापल्या वॉर्डाचे नकाशे घेऊन गल्ली न् गल्ली ताडून पाहिली होती. शिवाय महाराष्ट्राच्या १९६६च्या कायद्यानुसार सुनावणी नियोजन समिती घेते आणि तिच्यात स्थायी समितीचे सदस्य व बाहेरचे जाणकार एकत्र बसतात. हैदराबादने ही गोष्ट जरूर उचलावी.

हैदराबाद महानगराच्या २०५०पर्यंतच्या आराखड्याचं काम सध्या चालू आहे. त्याचा मसुदा येईल तेव्हा प्रत्येक वॉर्डाचा नकाशा त्या त्या वॉर्ड कार्यालयाच्या भिंतीवर तेलुगू आणि उर्दूत, ओळखीच्या खुणांसह लागला पाहिजे. फुटकळ फेरबदलाची सूचना त्या जागेवरही फलक लावून द्यायला हवी. आणि फेटाळलेल्या प्रत्येक हरकतीपुढे ती का फेटाळली, याचं एका वाक्यात तरी उत्तर छापलं जावं.