खणांचं कपाट जोडताना
सुट्या भागांच्या खोक्यातून येणारं खणांचं कपाट घरच्या घरी जोडता येतं. खोक्याचा पुठ्ठा जमिनीवर पसरून त्यावरच काम करावं, म्हणजे फळ्यांच्या कडा खरचटत नाहीत. स्क्रू आणि लाकडी खुंट्या वेगवेगळ्या वाट्यांत काढून यादीशी ताडून पाहाव्यात. स्क्रू आधी हातानेच सैलसर बसवावेत. सांगाडा उभा राहिला की मग आवळावेत. भुशाच्या फळीत मशीनने जोर लावला तर भोक मोठं होतं आणि स्क्रू धरत नाही. पाठीची पातळ फळी ठोकण्यापूर्वी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील, तर चौकट तिरकी आहे आणि पुढे खण अडकणार.

सर्वांत महत्त्वाचं काम मात्र शेवटी उरतं, ते म्हणजे कपाट भिंतीला जखडणं. दोन-तीन खण एकदम उघडले की वजन पुढे सरकतं. त्यात एखादं मूल खणांच्या पायऱ्या करून चढलं, तर कपाट त्याच्या अंगावर कोसळतं. अशा अपघातांत मुलं दगावल्यानंतर २०१६ मध्ये आयकिया या फर्निचर कंपनीने अमेरिकेतून सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवली होती.

विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून आधी प्लास्टिकची गिट्टी बसवावी, मग स्क्रू. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नये. आत वायर असू शकते. जिप्समच्या पार्टिशनला त्यासाठीचे वेगळे अँकर लागतात. जड सामान तळच्या खणात ठेवावं आणि कपाटावर टीव्ही ठेवू नये.